मुक्याची साक्ष

20 मार्च 1966 हा रविवार होता. लंडनमधील वेस्टमिन्स्टरच्या मेथडिस्ट सेंट्रल हॉलच्या एका भागात उपासना चालू असताना, त्याच इमारतीतील टपाल-तिकिटांच्या प्रदर्शनातून फुटबॉलचा जागतिक चषक चोरीस गेला. पोलिसांनी शिकस्त केली. खंडणी मागणारा एक इसम हाती लागला, परंतु चषक लागला नाही. आठवड्याने दक्षिण लंडनमधील डेव्हिड कॉर्बेट हे गृहस्थ आपल्या पिकल्स नावाच्या कुत्र्याला घेऊन घराबाहेर पडले. पिकल्स वर्तमानपत्रात गुंडाळून दोरीने बांधलेल्या एका पुडक्यापाशी घुटमळू लागला. पुडक्यात तो चषक होता.

कॉर्बेट तो घेऊन तडक पोलीस ठाण्यात गेले. तेथे प्रथम त्यांच्यावरच संशय घेण्यात आला आणि चोरीच्या दिवशी आपण कोठे होतो याचा हिशेब त्यांना द्यावा लागला. पुढे बक्षीस मिळाले, त्यातून घरही झाले. पण जगाने डोक्यावर घेतले ते पिकल्सला. (विजयाच्या मेजवानीत त्याला ताटे चाटण्याचा मान मिळाला, हे त्याच्या दृष्टीने खरे बक्षीस असावे!)

अशा गोष्टी ऐकल्या की, मुके जनावर प्रामाणिक आणि माणूस तेवढा लबाड, असे आपण सहज बोलून जातो. मला हे पटत नाही. ज्याला खोटे बोलता येते त्याच्याच खरेपणाला मोल असते. पिकल्सला चषक ठाऊक नव्हता. त्याला वास आला, एवढेच. ते पुडके लपवावे की परत करावे, हा प्रश्न त्याच्या धन्यापुढे होता, आणि नैतिक कृती घडली असेल तर ती तेथे.

शिवाय पिकल्सने वस्तू शोधली. चोर शोधला नाही. तो चषक प्रत्यक्ष कोणी उचलला हे न्यायालयात कधीच सिद्ध झाले नाही. हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. 1993 च्या बाँबस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या ‘झंजीर’ नामक श्वानाने दडवलेली स्फोटके हुडकून असंख्य जीव वाचवले. तो थांबला की पिशवी उघडावी, आत काय आहे ते डोळ्यांना दिसे. परंतु कुत्रा एखाद्या माणसापुढे थांबला, तर उघडून काय पाहावे? माणसाचे अंतःकरण पाहणारा परमेश्वर एकटाच, असे शमुवेलाला इशायाच्या घरी शिकावे लागले.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 1969 मध्ये महाराष्ट्रातील एका खटल्यात हाच विवेक दाखवला. कुत्रा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन शपथ घेऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होऊ शकत नाही. त्याच्या वतीने बोलतो तो त्याला हाताळणारा माणूस. म्हणून असा पुरावा विचारात घेता आला तरी त्याला सामान्यतः फारसे वजन देऊ नये, असा त्या निकालाचा आशय आहे. अनुवादशास्त्रात तर एका मनुष्याच्या साक्षीवरही कोणास दोषी ठरवण्यास मनाई आहे. दोन किंवा तीन साक्षीदार हवेत.

बलामाच्या गाढवीची आठवण येथे होते. संदेष्ट्याला न दिसलेला दूत तिला दिसला, आणि परमेश्वराने तिचे तोंडही उघडले. तरी त्या तोंडून तिने तिसऱ्या कोणाकडे बोट दाखवले नाही. मला का मारलेस, एवढेच तिने धन्याला विचारले.

आपल्या घरांतील कुत्र्यांच्या तोंडी मात्र आपण बरेच काही घालतो. घरातली सोन्याची साखळी हरवते, पहिला संशय धुणेभांडी करणाऱ्या बाईवर जातो, आणि मग कोणीतरी म्हणते, “आमचा मोती पहिल्यापासून तिच्यावर भुंकतोच.” मोती भुंकतो, कारण ती मागच्या दाराने येते, कारण तिला पाहताच घरच्यांचा आवाज बदलतो आणि कुत्र्याला तो बदल आपल्याआधी कळतो. त्याने आपल्याच मनातले ओळखून दाखवलेले असते, आणि आपण ते तिच्याविरुद्धची साक्ष म्हणून लिहून घेतो. तिला उलटतपासणी करता येत नाही. दुसऱ्या दिवसापासून ती कामावर येत नाही, आणि साखळी कधीकधी पुढल्या महिन्यात उशीच्या अभ्र्यात सापडते.