दोन्ही रीती, एक मंडळी

२९ नोव्हेंबर १९७०. रविवारचा दिवस. नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात सहा निरनिराळ्या ख्रिस्ती मंडळ्यांचे लोक जमले आणि त्या दिवसापासून त्यांची एक मंडळी झाली, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. जमलेले लोक एका विचाराचे मुळीच नव्हते. बिशपांशिवाय मंडळी ही कल्पनाच ज्यांना करवत नाही असे अँग्लिकन तिथे होते. बिशपांचा अधिकार नको म्हणून पिढ्यान्‌पिढ्या झगडलेल्या परंपरेतले प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल होते. हे दोघे १९२४ पासून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया या नावाने एकत्र नांदत होते. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणे ज्यांच्या मनाला पटत नाही असे बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स होते, शिवाय ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथडिस्टही होते.

या ऐक्याची बोलणी १९२९ साली लखनौला सुरू झाली होती. म्हणजे मध्ये एकेचाळीस वर्षे गेली. लखनौच्या बैठकीत तरुण असलेले लोक नागपूरच्या वेळी म्हातारे झाले होते किंवा देवाघरी गेले होते.

खरे तर ज्या वादांवर ही एकेचाळीस वर्षे खर्ची पडली, ते इथल्या मातीत उगवलेलेच नव्हते. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि पुढे त्यांच्या मराठी मिशनचे काम अहमदनगर-सोलापूरकडे पसरले. स्कॉटिश मिशनने नागपूर आणि जालना धरले. अमेरिकन प्रेस्बिटेरियन कोल्हापूर-सांगलीच्या बाजूला गेले. एकाच्या मुलुखात दुसऱ्याने काम काढू नये असा समजुतीचा रिवाज मिशनांनी ठेवला होता. तो नेहमीच पाळला गेला असे नाही. त्यामुळे नगर जिल्ह्यातले एखादे कुटुंब काँग्रिगेशनल झाले, ते काही मंडळीच्या कारभारावरचे इंग्लंडातले सतराव्या शतकातले वाद वाचून नव्हे. गावात शाळा त्या मिशनची होती, दवाखाना त्या मिशनचा होता, इतकेच. त्याच घरातली मुलगी कोल्हापूरकडे दिली की ती प्रेस्बिटेरियन व्हायची.

हे दुखणे दक्षिणेत आधी बोलून दाखवले गेले. मे १९१९ मध्ये तरंगंबाडीला तेहेतीस जण एकत्र बसले. दोघे सोडले तर सगळे भारतीय होते. त्यांत पुढाकार होता तो अँग्लिकन मंडळीचे पहिले भारतीय बिशप व्ही. एस. अझरय्या यांचा. हे भेद आमच्यावर बाहेरून लादले गेले आहेत, अशी त्यांनी काढलेल्या निवेदनाची तक्रार होती. अझरय्या १ जानेवारी १९४५ रोजी वारले, आणि त्यांनी ज्याची वाट पाहिली ते चर्च ऑफ साउथ इंडिया २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासमध्ये स्थापन झाले. महाराष्ट्रात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पावले त्याच दिशेने पडत होती. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा ठेवली. दोन वर्षांत टिळक गेले. त्यांची पदे मात्र ‘उपासना संगीत’मधून नगरच्या काँग्रिगेशनल मंडळीतही घुमली आणि मुंबईच्या अँग्लिकन मंडळीतही. समित्यांच्या किती तरी आधी मराठी ख्रिस्ती माणूस गाण्यात एक झाला होता.

तरी समित्या लागतातच, कारण रविवारी गाणे संपले की सोमवारी कोणी तरी बाळाला घेऊन पाळकाच्या दारात उभे राहते.

नव्या मंडळीत हा प्रसंग रोजचाच होणार होता. समजा, पूर्वी काँग्रिगेशनल असलेल्या एका गावात बॅप्टिस्ट परंपरेतला पाळक नेमला. एक जोडपे बाळाला घेऊन आले आणि बाप्तिस्मा द्या म्हणाले. पाळकाची श्रद्धा अशी की, ज्याला स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करता येतो त्यालाच बाप्तिस्मा द्यावा. आता काय करायचे? चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या घटनेने दोन्ही रीती मान्य केल्या. बाळाला बाप्तिस्मा द्यायचा, की सध्या देवापुढे अर्पण करून पुढे त्याने स्वतः मागितल्यावर द्यायचा, हे आईबापांनी ठरवावे. पाळकाच्या मनाला पटत नसेल तर त्याच्यावर सक्ती नाही. पण त्या जोडप्याला रिकाम्या हाती परत पाठवायचेही नाही, त्याने दुसऱ्या पाळकाला बोलवायचे. लहानपणी बाप्तिस्मा झालेला कोणी मोठेपणी पुन्हा मागू लागला, तर ते प्रकरण बिशपांपुढे न्यायचे आणि प्रेमाने, सल्ल्याने हाताळायचे.

या तरतुदीत कोण बरोबर याचा निवाडा नाही. काहींना ती पळवाट वाटली, आजही वाटते. पण तिच्यात मोठे धाडस आहे. ज्याचे चुकते आहे असे मनापासून वाटते, त्याच्यासाठी आपल्या वेदीजवळ जागा करून द्यायची आणि स्वतःचा विश्वासही सोडायचा नाही. एकमेकांना टाळून हे साधत नाही. त्यासाठी समोरासमोर बसावे लागते, कलम न्‌ कलम लिहून काढावे लागते आणि खोडून पुन्हा लिहावे लागते.

पाळकांच्या दीक्षेचा प्रश्न याहून नाजूक होता. बिशपांच्या हातून दीक्षा न घेतलेल्यांना अँग्लिकन मंडळीने आपल्यासारखेच पाळक कसे मानायचे? आणि वीस-तीस वर्षे सेवा केलेल्या प्रेस्बिटेरियन पाळकाला ‘तुमची दीक्षा पुरी नव्हती’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे? नागपूरला सगळ्या मंडळ्यांच्या पाळकांनी एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवून घेतले, आणि ज्याला जे उणे असेल ते देवाने द्यावे अशी प्रार्थना केली. कोणाला काय उणे होते, हे मुद्दामच ठरवले नाही. अँग्लिकन मानही तितकीच लवली जितकी बॅप्टिस्ट मान.

सगळेच आले असे मात्र घडले नाही. अमेरिकन परंपरेतल्या मेथडिस्ट मंडळीने १९७० मध्येच, ऐन वेळी पाऊल मागे घेतले. ही उत्तर भारतातली मोठी मंडळी. तिच्या न येण्याने अनेकांच्या डोळ्यांत पाणी आले असेल. नवल म्हणजे त्याच परंपरेतले मेथडिस्ट पाकिस्तानात १ नोव्हेंबर १९७० रोजी तिथल्या एकत्रित मंडळीत सामील झाले होते. पुढे १९८१ मध्ये भारतातल्या मेथडिस्टांनी स्वतःची स्वायत्त मंडळी उभी केली. त्यांच्या त्या निर्णयाला फुटीरपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

आणखी एक उणीव राहिली, आणि ती जास्त महागात पडली. बाप्तिस्मा आणि बिशप यांवर पूर्वजांनी दशके घालवली. जमिनी आणि इमारती यांचा हिशेब तितका नीट मांडला गेला नाही. गुजरातेतल्या ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. विलीनीकरणाचा ठराव झाला म्हणून सार्वजनिक न्यासाची मालमत्ता आपोआप नव्या मंडळीकडे जात नाही, असा निकाल २०१३ साली लागला. बाप्तिस्म्याच्या रीतीवरून जे एकमेकांना सांभाळून घेऊ शकले, ते सातबारा आणि ट्रस्टच्या कागदांवरून वकिलांच्या दारात गेले. जिथे मतभेद आधी उघड बोलला गेला तिथे मंडळी टिकली. जिथे तो ‘पुढे पाहू’ म्हणून झाकून ठेवला तिथे तो नातवंडांच्या वाट्याला आला.

नव्या करारातली मंडळी मतभेद झाकत नाही. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे; यरुशलेमहून माणसे आली तसा तो अंग काढून घेऊ लागला. पौलाने ते तोंडावर सांगितले, आणि पत्रात लिहूनही ठेवले. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेमची सभा भरते, सुंतेवरून कडाक्याचा वाद होतो, तोडगा निघतो, तो पत्रात लिहून माणसांच्या हाती पाठवला जातो. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी पौल आणि बर्णबा, इतकी वर्षे खांद्याला खांदा लावून चाललेले सोबती, मार्कला बरोबर न्यायचे की नाही यावरून वेगळे होतात. हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने ते गाळले नाही. पुढे तुरुंगातून तीमथ्याला लिहिताना पौल त्याच मार्कला घेऊन ये म्हणून सांगतो, तो सेवेसाठी उपयोगी आहे म्हणतो.

मतभेद न झाकता एकत्र बसण्याचे हेच धैर्य आता प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक यांच्यामध्ये हवे आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीत आउग्सबर्गला लुथरन आणि रोमन कॅथलिक मंडळ्यांनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या. माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो, या ज्या प्रश्नावर सोळाव्या शतकात मंडळी दुभंगली, त्यावरचे परस्परांचे जुने धिक्कार आजच्या शिकवणीला लागू होत नाहीत, असे दोघांनी मान्य केले. मेथडिस्ट २००६ मध्ये त्यात आले. दर वर्षी १८ ते २५ जानेवारी हा ऐक्याच्या प्रार्थनेचा आठवडा पाळला जातो. त्या दिवसांत कॅथलिक धर्मगुरू आणि प्रॉटेस्टंट पाळक एकाच वेदीपुढे उभे राहून प्रार्थना करतात. प्रभुभोजनाची पंगत मात्र अजून वेगळी आहे. ती एक कशी व्हावी, यावरची बोलणी चालू आहेत, आणि ती नेटाने चालू राहायला हवीत, नागपूरप्रमाणे एकेचाळीस वर्षे लागली तरी.