नाही म्हणण्याचा अधिकार

ज्या कचेरीत जडसंग्रहाची नोंदवही आहे, तेथे वर्षाकाठी कधीतरी प्रत्यक्ष पडताळणीचा प्रसंग येतो, कारकून दालनादालनांतून हिंडतो, आणि अखेर दहापाच जिनसांपुढे ‘आढळली नाही’ असा जो शेरा पडतो, तो वरिष्ठांच्या मेजावर पोहोचेपर्यंत ‘गहाळ’ असा होऊन बसतो. या दोन शेऱ्यांमधले अंतर ओलांडण्याचा अधिकार कोणास आणि कोणत्या प्रमाणाने प्राप्त होतो, हा प्रश्न वरवर दफ्तरी दिसला, तरी आपल्या दर्शनकारांनी त्याचा शतकानुशतके खल केलेला आहे.

भूमीवर घट दिसत नाही, यावरून घट नाही असे जे ज्ञान होते, त्यासाठी मीमांसक कुमारिल भट्टांच्या अनुयायांनी अनुपलब्धी हे सहावे, स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांनी अभावाला प्रत्यक्षाच्याच कक्षेत घेतले. बौद्ध आचार्य धर्मकीर्तीने त्याची सोय अनुमानात लावली. प्राभाकर मीमांसकांनी तर अभाव हा निराळा पदार्थच नाकारून वादाचे मूळच उपटले. इतका मतभेद असूनही एक अट बहुतेकांनी या ना त्या रूपाने घातली, ती अशी की, वस्तू तेथे असती तर ती खचित दिसली असती, अशी परिस्थिती असेल तरच तिच्या न दिसण्याला प्रामाण्य येते. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. आणि धर्म व अधर्म हे मुळातच इंद्रियगोचर नसल्यामुळे, ते दिसत नाहीत म्हणून ते नाहीत, असे कोणास म्हणता येत नाही. या योग्यतेच्या अटीपाशी मला आपल्या काळातील एक निखालस व्यापारी वाद आणून ठेवावयाचा आहे.

यंत्रे, संगणक, रुग्णालयातील चाकाच्या खुर्च्या यांवर हल्ली आरएफआयडीचे, म्हणजे रेडिओलहरींनी ओळख पटविणारे, टॅग चिकटवितात. टोलनाक्यावरचा फास्टॅग याच कुळातला. या टॅगमध्ये विजेरी नसते. रीडरने सोडलेल्या लहरींतूनच तो ऊर्जा घेतो आणि आपला क्रमांक परत कळवितो. रीडर तारेचा घ्यावा की बिनतारी, यावर व्यवस्थापकांत पुष्कळ चर्चा चालते. परंतु वस्तू आणि रीडर यांच्यामध्ये दोन्ही प्रकारांत तार नसतेच. तारेचा प्रश्न येतो तो रीडर आणि दफ्तर यांच्या दरम्यान, म्हणजे साक्षीदार आणि न्यायासन यांच्या दरम्यान.

दाराच्या चौकटीवर बसविलेल्या तारेच्या रीडरला, शंभर मीटरपर्यंत जाऊ शकणाऱ्या एकाच इथरनेट तारेतून वीजही मिळते आणि त्याची जबानीही त्याच वाटेने दफ्तरात पोहोचते. तो बंद पडला, तर बंद पडल्याची वर्दी दफ्तराला लगेच मिळण्याची तजवीज करता येते, आणि म्हणून त्याच्या मौनाला काही किंमत असते. मात्र त्याला दिसते ते फक्त दार. ज्या अर्थी जिन्नस आत आला आणि बाहेर गेला नाही, त्या अर्थी तो आतच असला पाहिजे, हे त्याचे ज्ञान मीमांसकांच्या अर्थापत्तीच्या जातीचे आहे. देवदत्त जिवंत आहे आणि घरी नाही, म्हणून तो बाहेर असला पाहिजे, तसे. एकदा जरी एखादा जिन्नस न टिपता दारातून निसटला, की पुढची सारी अर्थापत्ती ढासळते, आणि ढासळल्याचे कोणाला कळतही नाही.

बिनतारी रीडर हातात घेऊन हिंडणाऱ्या कारकुनाची गोष्ट निराळी. पोलादी कपाटाच्या बंद खणात संगणक असतो आणि रीडर निमूट राहतो, कारण धातू त्या लहरी परतवून लावतो. खण उघडला, तरी कित्येकदा उत्तर येत नाही. भारतात यासाठी मोकळ्या ठेवलेल्या ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहरीची लांबी सुमारे पस्तीस सेंटिमीटर भरते, आणि भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींना मारून मध्येच आंधळ्या जागा निर्माण करतात. कारकून मनगट जरासे वळवितो, वीतभर पुढे सरकतो, आणि रीडर टुणकन वाजतो. दारावरचा रीडर हे करू शकत नाही. योग्यतेची परिस्थिती घडवून आणण्याचे सामर्थ्य हातातल्या रीडरलाच आहे. पण त्याची विजेरी उतरते, वायफाय तुटते, टिपलेले क्रमांक त्याच्या स्मृतीतच अडकून राहतात, आणि दफ्तरात बसलेल्या मनुष्याला मौन वस्तूचे आहे की साक्षीदाराचे, याचा उलगडा होत नाही.

माझ्या मते येण्याजाण्याची हजेरी तारेच्या रीडरकडे आणि शोधाचे काम बिनतारीकडे सोपवावे; पण ज्या शेऱ्याच्या आधारे एखाद्या गरीब शिपायाच्या पगारातून वसुली होणार, तो शेरा केवळ यंत्राच्या मौनावर लिहू नये. यावर काही चाणाक्ष मंडळींनी एक युक्ती काढली आहे, तिचे कुमारिलांनाही कौतुक वाटले असते. रीडरच्या टापूत एक ओळखीचा टॅग कायमचा चिकटवून ठेवायचा. तो बोलतो तोवर रीडर शाबूत आहे आणि त्याची जबानी पोहोचते आहे, असे समजायचे. साक्षीदाराची पात्रता याने बऱ्याच अंशी सिद्ध होते. एखाद्या जिनसावरचा टॅग मात्र सोलून निघाला असेल, तर जिन्नस जागेवर असून यंत्राच्या लेखी नाही. आणि तो सोललेला टॅग कोणी खणात टाकला असेल, तर जिन्नस केव्हाच विकला गेला असूनही नोंदवहीत तो हजर आहे. या शंकेचे निरसन करण्यासाठी कोणत्याही जातीचा आणखी एक रीडर विकत घेऊन भागत नाही. कारकुनाला किल्ली मागवून कपाट उघडावेच लागते.