प्रवासातला शब्द

गाडीतली ओळख गाडीतच सोडून उतरावे, हे शहाणपण आपल्याकडे मुलांना फार लवकर शिकवले जाते. पण गाडीत दिलेल्या शब्दाचे काय करावे, हे मात्र कोणी सांगत नाही.

कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली आणि त्याच्या दुसऱ्याच वर्षी, मे महिन्यात, मी कुडाळहून मुंबईस परत येत होतो. वय सोळा. समोरच्या बाकावर माझ्याच वयाची एक मुलगी होती. शेजारी तिची आत्या, आणि आत्याला झोप लागलेली. "तुम्ही कुठल्या कॉलेजात?" इथून आमचे बोलणे सुरू झाले. रत्नागिरी मागे पडली आणि गाडी करबुड्याच्या सुमारे ६.५ किलोमीटर लांबीच्या बोगद्यात शिरली. डब्यात दिवे नव्हते. चाकांच्या आवाजात बोलणे ऐकू येत नव्हते. आम्ही गप्प बसून राहिलो. घडले ते एवढेच. पण उजेडात आल्यावर ती जे पहिले वाक्य बोलली, त्यात 'तुम्ही'चे 'तू' झाले होते. चिपळूण येण्यापूर्वी तिने वहीच्या कागदावर पत्ता लिहून दिला.

"पत्र पाठवशील?"

"पाठवीन."

"नक्की?"

"नक्की."

मी पत्र पाठवले नाही.

कोणी म्हणेल, सोळाव्या वर्षीच्या 'नक्की'ला इतके वजन कशाला? ते प्रेम तरी होते का? मला तो प्रश्न गौण वाटतो. प्रेम टिकणे आपल्या हाती नसते. ते चिपळूणच्या फलाटावर संपले असते, तरी त्यात अपराध नव्हता. शब्द पाळणे मात्र आपल्या हाती असते. घरच्या माणसांना दिलेला शब्द पाळायला लावणारे पुष्कळ असतात : नाते, शेजार, लोकलाज. अनोळखी माणसाला दिलेल्या शब्दामागे यांतले कोणीच उभे नसते. तो केवळ देणाऱ्याच्या बळावर टिकतो किंवा पडतो.

दुष्यंतही वाटसरूच होता. शिकारीच्या वाटेवर तो आश्रमात आला आणि शब्द देऊन गेला. महाभारतातल्या दुष्यंताला, शकुंतला सभेत उभी राहते तेव्हा, सारे आठवत असते. तरी तो 'आठवत नाही' म्हणतो. आकाशवाणी झाल्यावर मग लोकांच्या संशयाचे कारण पुढे करतो. कालिदासाला हे सोसले नसावे. त्याने दुर्वासाचा शाप आणला, अंगठी आणली, आणि राजाला खरोखरीच विसरायला लावले. नायक बचावला.

मीही पुष्कळ वर्षे आपल्यापुरता कालिदास झालो होतो. बारावीचे वर्ष होते. पत्र तिच्या घरी भलत्याच्या हाती पडले असते. असे नाना शाप मी स्वतःसाठी रचले. खरी गोष्ट अशी की, पत्ता महिनाभर माझ्या खिशात होता. "गाडीतली ओळख!" म्हणून मित्र हसले, आणि मीही त्यांच्याबरोबर हसलो. 'सुखरूप पोचलो; पुढे लिहिणे जमेलसे वाटत नाही,' एवढ्या दोन ओळींनीही शब्द राहिला असता. तिने टपालाची वाट कदाचित एकही दिवस पाहिली नसेल. त्याने माझे देणे फिटत नाही.

यंदा मे महिन्यात माझी मुलगी मामेबहिणीबरोबर त्याच मार्गाने कुडाळला निघाली. अनोळखी माणसांशी बोलू नकोस, असे मी सांगणार होतो. तोंडून निराळेच गेले : "बोललीस तर बोल. पण पाळणार नसशील, ते कबूल करू नकोस."

तिने "बाबा, हे काय मध्येच?" म्हणून विचारले. तेवढ्यात गाडी हलली.