गोधडी शिवणारीची निवड

क्विल्टिंगला, म्हणजे पाश्चात्त्य धर्तीच्या गोधडीकामाला, वाहिलेली इंग्रजी मासिकं चाळली तर त्यांत एक सदर हमखास सापडतं. क्विल्ट करणाऱ्या एखाद्या बाईला तीन-चार प्रश्न विचारलेले असतात: आवडतं हत्यार कोणतं, कल्पना कुठून सुचतात, क्विल्टिंग नसेल तेव्हा वेळ कशात जातो. उत्तरंही बहुतेक ठरलेली. फिरत्या पात्याचं कटर, जुन्या वाड्यांतल्या फरशांची नक्षी, बागकाम, मांजर. प्रश्न वरवरचे आहेत, पण ते विचारणाऱ्यानं एक गोष्ट धरून चाललेली असते. समोरच्या बाईला आवडनिवड आहे, ती हे ठेवते आणि ते टाकते, आणि का ते तिला सांगता येतं. आपल्याकडे गोधडीवर पुष्कळ लिहिलं गेलं. गोधडी शिवणारीला मात्र हे साधे प्रश्न कोणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

गोधडीवरच्या आपल्या मजकुराचा साचा ठरून गेला आहे. बापाचं धोतर, आईचं लुगडं, मामानं घेतलेलं परकर-पोलकं अशी कपड्यांची यादी येते. मग ऊब येते, मग माया येते आणि डोळे पाणावतात. त्यातलं काही खोटं नाही. पण ती पांघरणाऱ्याची आठवण असते. तांबडा तुकडा निळ्याला लागून का आला, काठ कडेला न लावता मधोमध का घेतला, एका लुगड्याला हातच का लावला नाही, हे त्या यादीत कुठेच नसतं. मायेचं एवढं मोठं माप पदरात टाकून आपण शिवणारीची बोळवण केली आहे. माझं म्हणणं असं, की गोधडी ही निवडीची वस्तू आहे. गरज होती म्हणून ती शिवली गेली हे खरं, पण कशी शिवायची हे काही गरजेनं सांगितलं नव्हतं.

हत्यारांचंच बघा. ती फार थोडी. जरा मोठी, दणकट सुई, सुती दोरा, कात्री. दाभणानं पोतं शिवावं; जुन्या मऊ कापडाला त्याची भोकं मोठी पडतात आणि पुढं तिथूनच ते विरतं. दोरा दुहेरी, जमलं तर मेणावरून ओढून घेतलेला. अंगुस्तान असलं तर असलं, नाहीतर बोटाला चिंधी, नाहीतर वर्षानुवर्षांच्या टोचण्यानं बोटालाच पडलेला घट्टा. टाका एकच, धावदोरा. अमेरिकेत क्विल्ट चौकटीत ताणून बसवतात. जुन्या घरांतून ही चौकट छताला टांगलेली असे, काम संपलं की वर ओढून घ्यायची. आपल्याकडे चौकट नाही. गोधडी जमिनीवर पसरायची आणि तिच्यावरच बसायचं. बसणारीच्या वजनानं थर जागच्या जागी राहतात, पायाच्या अंगठ्याखाली कापड ताणलं जातं, डावा तळहात पुढचा भाग सपाट करत जातो आणि उजव्या हातात सुई चालते. आवडतं हत्यार विचारलंच, तर खरं उत्तर डावा तळहात असं द्यावं लागेल.

हे मी कौतुकानं म्हणत नाही. पाश्चात्त्य क्विल्टिंगची पुस्तकं सांगतात की टाके मधून सुरू करून कडेकडे जावं, म्हणजे थरांमधला ढिलेपणा बाहेर निघून जातो. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी उलटं चालतं. कडेपासून सुरुवात, मग फेऱ्यावर फेरे घेत आत. यात ढिलेपणाला बाहेर पडायला वाट नसते. तो प्रत्येक फेऱ्यात पुढं ढकलला जातो आणि शेवटी मधोमध फुगा धरतो. तो येऊ नये म्हणून दर फेऱ्याला हात फिरवून, झोळ किती आहे ते बोटांनी चाचपून, टाका थोडा आवळावा किंवा सैल सोडावा लागतो. मध्यभागी पोचल्यावर गोधडी सपाट राहिली असेल तर हजारो वेळा केलेला अंदाज बरोबर आलेला असतो. नुसत्या मायेनं हे साधत नाही.

आणि मोठी निवड तर सुई हातात घेण्याआधीच झालेली असते. नऊवारी लुगडं म्हणजे आठ मीटरच्या वर कापड. ते सगळं एकाच वेळी विरत नाही. कासोट्याकडचा, बसण्याचा भाग आधी जातो. पदर बराच काळ टिकतो. शिवणारी ते उजेडासमोर धरते आणि ठरवते, हे वर, हे खाली, हे आत. आत जायचं ते सगळ्यांत जीर्ण: धोतरं, पंचे, फाटक्या चादरी, कधी एखादी जुनी गोधडीच. वर येतं ते रंगानं आणि विणीनं अजून तग धरून असलेलं. सुती कापडाचा मोठा गुण असा की ते हातानं सरळ फाडता येतं. दातानं कडेला चीर दिली की धाग्याच्या रेषेत फाटत जातं, कात्रीपेक्षाही सरळ. सिंथेटिक साड्या घरोघर आल्या तेव्हा हे गणित बिघडलं. त्या घाम टिपत नाहीत, थरांत एकमेकींवरून सरकतात, आणि त्यांना कात्रीच लागते. मऊही होत नाहीत. सुती लुगडं दहा वर्षं धुतल्यावर जसं होतं, तसं पॉलिस्टर कधीच होत नाही. खेड्यांतल्या गोधड्या पुढं-पुढं जड आणि बोदल्यासारख्या झाल्या, त्याचा दोष शिवणारींच्या हातांपेक्षा कापडाच्या दुकानांकडे अधिक जातो.

कल्पना कुठून सुचतात, हा दुसरा प्रश्न. इथं थोडं दक्षिणेला जायला हवं. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी समाज आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून पोर्तुगीज गोव्यात आणलेल्या आणि तिथून निसटून घाटावरच्या जंगलात शिरलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांच्यातल्या अनेकांच्या घरात आजही कोंकणी बोलली जाते. त्यांच्या बायका जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. तीही कडेपासून आत शिवत नेतात, पण तुकडे आधी जोडून घेत नाहीत. एकेक तुकडा खालच्या कापडावर ठेवायचा, कड मुडपायची, शिवत पुढं जायचं, संपत आला की दुसरा घ्यायचा. म्हणजे पुढं कोणता रंग येणार हे सुई चालू असतानाच ठरतं. शेवटी चारही कोपऱ्यांवर घड्या घालून केलेले त्रिकोणी तुकडे बसवतात. त्यांना फुलं म्हणतात आणि ती नसली तर कवंदी नागडी राहिली असं मानतात. या फुलांचा ऊब देण्याशी काडीचा संबंध नाही. ज्या घरात कापडाचा तुकडा तुकडा मोजून वापरला जातो तिथं चार कोपऱ्यांसाठी कापड राखून ठेवलं जातं. गरजेच्या सिद्धांताला एवढं एक उदाहरण पुरेसं अडचणीचं आहे.

असंच दुसरं उदाहरण दूरचं. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, नदीच्या एका वळणात गीज बेंड नावाची वस्ती आहे. कापसाच्या मळ्यावर गुलाम असलेल्यांच्या वंशजांची. तिथल्या बायका मळ्यावरच्या कामाच्या कपड्यांतून, गुडघ्यावर विटलेल्या डेनिमच्या विजारींतून क्विल्ट करत. 1966 साली, नागरी हक्कांच्या चळवळीच्या धामधुमीत, त्या भागातल्या बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. मोठ्या दुकानांच्या मागण्या येऊ लागल्या, पण दुकानांना प्रत्येक नग सारखा हवा होता. 1972 मध्ये सीअर्स कंपनीकडून उश्यांच्या कॉर्डरॉय अभ्र्यांचं काम मिळालं. बायकांनी दिवसा ते ठरलेल्या मापानं केलं आणि उरलेले कॉर्डरॉयचे तुकडे घरी नेऊन त्यांतून आपल्या मनासारखे क्विल्ट शिवले: वाकड्या पट्ट्या, मध्येच तुटणारे चौकोन, तांबड्याच्या अंगावर आलेला गंजाचा रंग. पैशासाठी एक शिवण आणि स्वतःसाठी दुसरी, त्याच हातांची. त्या दोहोंमधलं अंतर म्हणजेच त्यांची आवड.

क्विल्ट करणाऱ्यांची ही आवड जगानं ओळखली, पण आधी आपल्या सोयीनं. 1971 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात अमेरिकन क्विल्टचं गाजलेलं प्रदर्शन झालं. क्विल्ट भिंतीवर अमूर्त चित्रांसारखे टांगले गेले आणि समीक्षकांना त्यांत आधुनिक चित्रकार दिसू लागले. यावर पॅट्रिशिया मैनार्डी या कला-इतिहासकार बाईंनी 1973 साली सडेतोड लेख लिहिला. त्यांचा रोख असा, की या बायका अजाणतेपणी चित्रकार झाल्या नव्हत्या. त्यांना आपण काय करतो आहोत हे पक्कं ठाऊक होतं, क्विल्टवर नाव आणि साल टाकणाऱ्याही त्यांत होत्या. संग्रहालयाला मात्र निनावी हात जास्त सोयीचे वाटले. गीज बेंडच्या क्विल्टचं प्रदर्शन 2002 मध्ये ह्यूस्टनला आणि मग त्याच व्हिटनीत भरलं तेव्हा करणाऱ्यांची नावं शेजारी होती. 2006 मध्ये अमेरिकेनं त्यांच्या क्विल्टवर टपाल तिकिटं काढली. 2007 मध्ये त्यांच्यापैकी काही जणी मोबदल्याच्या आणि हक्कांच्या प्रश्नावर कोर्टात गेल्या. ते दावे पुढं मिटले. नाव आलं की हिशेबही येतो, आणि त्यात वावगं काही नाही. आपल्या गोधडीला माया म्हणण्यात ही एक सोय आहेच. मायेची मजुरी द्यावी लागत नाही.

राहिला विरंगुळा. हा प्रश्न गोधडी शिवणारीला विचारणं काहींना क्रूर वाटेल. ज्या बाईचा दिवस दळण, पाणी, शेण, शेत यांत संपायचा, तिला कसला आला विरंगुळा? पण गोधडी तिच्या दिवसात जिथं बसायची ती जागा नीट पाहिली तर उत्तर इतकं सोपं राहत नाही. सुगी उरकल्यावर आणि पाऊस लागण्याआधी, दुपारच्या वेळी, ओसरीवर किंवा देवळात, दोघी-तिघी मिळून. हात गुंतलेले, डोळे अर्धे गुंतलेले, कान आणि तोंड मोकळे. घरात नुसतं बसलेल्या सुनेला कोणीतरी उठवलं असतं. सुई हातात असलेल्या सुनेला सहसा उठवत नाहीत. काम आहे असं दाखवून दोन तास बसता येतं, ही गोधडीची सोय शिवणाऱ्या सगळ्याजणी जाणून होत्या. पुढं या वेळेत रेडिओ आला. आकाशवाणीचं ‘वनिता मंडळ’ ऐकता ऐकता कितीतरी टाके पडले असतील. टीव्हीनं मात्र डोळेच मागितले, आणि धावदोऱ्याला ते परवडत नाही.

शिवणारीचं हे सगळं कोणी टिपून ठेवलं नाही. जात्यावरच्या ओव्यांचं भाग्य या बाबतीत चांगलं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव फिरून, बायकांकडून ऐकून एक लाखांहून अधिक ओव्या जमवल्या, आणि आता त्या ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळाच्या संग्रहात कोणालाही वाचता-ऐकता येतात. जातं थांबलं तरी ओवी उरली, कारण ओवी उतरवून घेता येते. गोधडी उतरवून घेता येत नाही. ती वापरून संपते. दरवर्षी घटस्थापनेच्या आधी गोधड्या नदीवर जातात. भिजली की एकटीला उचलवत नाही, पिळायला समोरून दुसरी लागते, आणि प्रत्येक धुण्यात काही टाके तुटतात. विरली की तिच्यावर नवं लुगडं चढतं आणि जुनी आत जाते. शंभर वर्षांपूर्वीची गोधडी शोधायला निघालं तर ती कोणाच्या तरी पांघरुणाच्या पोटात सापडेल. म्हणून तर शिवणाऱ्या हयात आहेत तोवर त्यांना विचारायची घाई करायला हवी.

शहरांत आता ‘गोधडी शिवून मिळेल’ अशा पाट्या दिसतात. गिऱ्हाईक आईच्या साड्या घेऊन येतं, रंगांची जुळणी स्वतः सांगतं, फोनवर फोटो दाखवतं. शिवणारी टाके घालते आणि आकारानुसार पैसे घेते. दुकानांतल्या गोधड्या तर नव्या कापडाचे एकसारखे चौकोन कापून यंत्रावर शिवलेल्या असतात. मला यात नाक मुरडण्यासारखं काही वाटत नाही. अमेरिकेतही क्विल्ट नेहमी चिंध्यांचेच होत होते हा समज अर्धाच खरा आहे. तिथं एकोणिसाव्या शतकातही मुद्दाम नवं कापड विकत घेऊन, कापून, पुन्हा जोडत. माझा आक्षेप वेगळ्या जागी आहे. या व्यवहारात निवड गिऱ्हाइकाकडे गेली आणि मजुरी फक्त टाक्यांची राहिली. जी बाई घरी स्वतःच्या गोधडीत तांबडा कुठं घालायचा यावर दोन दिवस घालवेल, तिला इथं त्या दोन दिवसांचे पैसे नाहीत, आणि ते मागावेत असं तिला कोणी सांगितलेलंही नाही. मांडणी शिवणारीची असेल तर भाव वेगळा आणि गोधडीच्या कोपऱ्यावर तिचं नाव, एवढं एखाद्या बचत गटानं सुरू करून पाहावं. मग गिऱ्हाईक निळ्या काठासाठी हटून बसलं, तर तो इथं शोभणार नाही असं सांगायची तिलाही सोय राहील.