सात कुणाचं, बारा कुणाचं?

मराठीतले काही शब्द फार सोज्वळ चेहऱ्याचे असतात आणि पोटात भलतंच बाळगून असतात. 'गुंतवणूक' हा त्यांतलाच एक. नीट पाहा, त्यात 'गुंतणं' आहे. दोरा गुंततो, केस गुंततात, जीव गुंततो. काहीही गुंतलं की सोडवताना त्रास व्हायचाच, हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं. पैसा गुंतवणाऱ्याची अपेक्षा मात्र नेमकी उलटी. पैसा तेवढा गुंतावा, आपण मोकळं राहावं. आणि ठरल्या दिवशी पैशानं आपला आपण सुटून, येताना आणखी चार पैसे हाताला धरून घरी यावं. बँकेतल्या मुदतठेवीच्या बाबतीत हे जमून जातं. जमिनीच्या बाबतीत जमतं का, आणि जमलं तरी ते बरं दिसतं का, हा सध्या माझ्यापुढचा प्रश्न आहे.

हा प्रश्न माझ्यापुढं आणून ठेवला आमच्या साडूंनी. प्रत्येक मध्यमवर्गीय गोतावळ्यात एक गृहस्थ असे असतात, की दुसऱ्याच्या पैशाचं काय करावं हे त्यांना अचूक कळतं. साडू मला म्हणाले, "तुम्ही तर शेतकरी आहात!" मी चपापून इकडेतिकडे पाहिलं. आयुष्यभर कचेरीत फायली उपसल्या. गॅलरीतल्या कुंडीत लावलेली कोथिंबीरसुद्धा आमच्याकडे फार दिवस टिकत नाही. पण साडूंचं खरं होतं. धाराशिव जिल्ह्यात भूम तालुक्यात ईट नावाचं आमचं मूळ गाव. पुण्यात कुणाला सांगितलं तर समोरचा हमखास विचारतो, "वीट?" मीही आता दुरुस्ती करीत नाही. विटेवर उभं राहून अठ्ठावीस युगं वाट पाहणारं दैवत ज्या प्रांतात पूजलं जातं, तिथल्या माणसाला दीर्घ मुदतीचं वावडं नसावं, एवढंच मनात म्हणतो. तर त्या ईटला वडिलांच्या मागं माझ्या नावावर दोन एकर जमीन आहे. ती चुलतभाऊ बटईनं करतो. आणि महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर साधारणपणे माणूस आधी शेतकरी असावा लागतो. म्हणजे पोहता येत असेल त्यानंच पाण्यात उतरायचं. माझ्या नावानं सातबारा निघतो, म्हणून कायद्याच्या दृष्टीनं मी पट्टीचा पोहणारा!

साडूंनी कागदावर आराखडा काढला. बांधाला लागून शेजाऱ्याचं तीन एकर विकायला निघालंय म्हणे. ते घ्यायचं. एक एकर ज्वारी आणि तूर. एक एकर केशर आंबा आणि सीताफळ. एक एकर द्राक्ष. "सगळी अंडी एका टोपलीत नकोत. एक बुडालं तर दुसरं तारतं," साडू म्हणाले. वर जगाचे दाखले दिले. अमेरिकेत शिक्षकांच्या पेन्शनचा पैसा सांभाळणारी टीआयएए नावाची संस्था शेतजमिनीत पैसा घालते. हार्वर्ड विद्यापीठाच्या निधीतून कॅलिफोर्नियात द्राक्षमळे घेतले गेले. मी म्हटलं, असेल. तिथले प्राध्यापक वर्गात नीतिशास्त्र शिकवीत असतील आणि इकडे त्यांचं पेन्शन वेलीला लटकून पिकत असेल. त्या वेलीला पाणी कुणाच्या विहिरीचं, हा प्रश्न बहुधा अभ्यासक्रमाबाहेरचा.

हा आराखडा मी फोनवर चुलतभावाला वाचून दाखवला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दादा, टोपल्या तीन हायत, ते बरं केलंव. पर पाऊस तिन्हीला एकच हाय की!"

साडूंचं अर्थशास्त्र या एका वाक्यापाशी मटकन खाली बसलं. आमचा भाग बालाघाटाच्या माथ्यावरचा, पर्जन्यछायेतला. १९७२ सालचा दुष्काळ आमच्या पिढीनं पाहिला. २०१६ साली लातूरकरांना मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते सगळ्या देशानं पाहिलं. पाणी नाही म्हटल्यावर ज्वारी, आंबा आणि द्राक्ष ही तीन पिकं राहत नाहीत; तिन्ही मिळून एकच काळजी होते. आणि द्राक्षाचं तर बोलायलाच नको. आधी लोखंडाचा नाही तर दगडी खांबांचा मांडव घाला, तारा ओढा. लग्नाचा मांडव निदान दुसऱ्या दिवशी उतरतो. हा दहा-पंधरा वर्षं उभा, आणि रोज वऱ्हाड जेवायला! एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, मधे औषधांच्या फवारण्या. एवढं करून घड हाताशी यायचा काळ आणि गारपिटीचा काळ एकच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात जी गारपीट झाली, तिनं तोडणीला आलेल्या बागा पानासकट झोडपल्या. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी आपल्या बागेतून 'सोनाका' आणि 'शरद सीडलेस' या जाती दिल्या, त्या वेलीजवळ उभं राहून रोज पाहणाऱ्या डोळ्यांनी. पुण्याच्या गॅलरीतून कुणी नवी जात काढल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग विविधता वाईट का? मुळीच नाही. उलट साडूंनी शोधून काढलेली युक्ती आमच्या चुलतभावाच्या पणजोबाला ठाऊक होती. ज्वारीत तुरीचे पाटे, कडेला अंबाडी. ज्वारीचं कणीस माणसाला, कडबा बैलाला, तूर वरणाला, अंबाडीची पानं भाजीला आणि तिचाच वाख दोरीला. दावणीला म्हैस. आमचा भूम तालुका खव्यासाठी नावाजलेला. साधारण पाच लिटर दूध भट्टीवर घोटा तेव्हा किलोभर खवा. हे रोजच्या रोज व्याज देणारं खातं. फक्त ते पहाटे चारला उघडतं आणि खातेदारानं स्वतः शेण काढल्याशिवाय चालत नाही! आणि शेळ्या. जिल्ह्याचं नाव २०२३ साली बदलून धाराशिव झालं, शेळी मात्र अजून उस्मानाबादीच म्हणवते. तिला कुणी विचारलंही नसावं. बहुतेक वेळी जुळी करडं देते. अडीनडीला बाजारात नेली की संध्याकाळी हातात रोकड.

म्हणजे शेतकरीही जोखीम वाटून ठेवतो आणि साडूही. मग फरक कुठं आहे? फरक असा, की चुलतभाऊ पिकं वाटून लावतो ते त्याला तिथंच राहायचंय म्हणून. साडू पैसे वाटून लावतात ते त्यांना कुठंच राहायचं नाही म्हणून.

तिथं न राहता जमिनीचं उत्पन्न खायची हौस आपल्या लोकांना फार. १९९० च्या दशकात सागवानाच्या योजनांचं पीक आलं होतं ते आठवतं ना? आज थोडे हजार भरा, वीस वर्षांनी लाख घ्या. झाड आम्ही वाढवतो, तुम्ही आरामखुर्चीत बसा. त्यातली अनुभव प्लँटेशन्स ही कंपनी १९९८ साली कोसळली. पुढं शेतजमिनीच्या नावानं पर्ल्सनं जमवलेले सुमारे ४९,१०० कोटी रुपये परत करा, असा आदेश सेबीला २०१४ साली काढावा लागला. कोट्यवधी माणसांचा पैसा त्यात गुंतला होता, आणि या वेळी शब्द अगदी खरा ठरला. गुंतला तो गुंतलाच. त्यातल्या किती जणांनी आपली जमीन एकदा तरी डोळ्यांनी पाहिली असेल? झाडाला कुणी पाणी घातलं, असं कुणाच्या मनात आलं असेल?

सातबाऱ्याचा कागद आपण सगळे पाहतो, पण तो मुळात एक नसून दोन कागद आहेत. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. साताला म्हणतात अधिकार अभिलेख: जमीन कुणाची, बोजा कुणाचा. बारा म्हणजे पिकांची नोंद: या जमिनीत यंदा काय पेरलं. शहरातला माणूस सात वाचतो. त्यात नाव आलं की पेढे वाटतो. गावातला माणूस जगतो ते बारात. माझ्या नैतिक अडचणीचं मूळ तिथंच आहे. सात माझ्या नावावर आणि बारा दुसऱ्याच्या पाठीवर, हे कितपत धर्माला धरून आहे?

विनोबांना १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत पहिलं भूदान मिळालं. तेव्हा पोचमपल्ली आणि आमचं ईट एकाच हैदराबाद राज्यात होती, हे आता कुणाच्या लक्षातही नसतं. विनोबा जमीनवाल्यांना सांगत, तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. तो वाटा ते भूमिहीनाला देत. आमचे साडूही गावात जाणार ते सहावा मुलगा म्हणूनच; फक्त आधीच्या पाचांचं पाणी तोडून!

एवढा विचार झाल्यावर मी चुलतभावाला सरळ विचारलं, "शेजारी विकतोय कशापायी?" पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. "पोरगं दवाखान्यात हाय. मोठं आपरेशन सांगितलंय."

स्वस्त जमीन म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं. साडूंच्या कागदावर जो आकडा 'संधी' या रकान्यात होता, तोच आकडा शेजाऱ्याच्या घरी दवाखान्याच्या बिलात होता. आता घ्यावं की न घ्यावं? घेतलं, तर त्याच्या संकटावर माझी द्राक्षं. नाही घेतलं, तर माझा विवेक स्वच्छ, पण त्याला पैसे आज हवेत. दुसरा कुणी येऊन याहूनही पाडून मागेल. नीतीची पुस्तकं अशा वेळी अंगठा धरून कोपऱ्यात उभी राहतात. चुलतभावाला विचारलं तर म्हणाला, "घ्यायचं तर घ्या. पर भाव सुगीतला द्या, दुष्काळातला नगं. आन कसायला त्यालाच ठिवा, निम्म्या बटईनं. गारा पडल्या तर निम्म्या गारा तुमच्या."

निम्म्या गारा! बटईला आपण सुधारलेले लोक मागासलेली पद्धत म्हणतो, आणि तिच्यात घेणाऱ्याचं वजन जास्त असतं हे खरंच आहे. पण बुडीतही निम्मं वाटून घ्यायचं, एवढी साधी सभ्यता तिच्यात आहे. मोठमोठ्या योजनांच्या गुळगुळीत पत्रकात मला ती कधी दिसली नाही.

मी त्या अटींवर हो म्हणायच्या बेतात होतो, तेवढ्यात फोन आला. शेजाऱ्यानं चार उस्मानाबादी शेळ्या आणि एक म्हैस विकली, उरलेलं पतसंस्थेतून काढलं. पोराचं ऑपरेशन झालं, पोरगं बरं आहे, जमीन विकायची नाही. "गेली संधी," साडू हळहळले. मला फार आनंद झाला. आणि खोटं कशाला बोलू, त्या आनंदाच्या तळाशी तीन एकर गेल्याची किंचित चुटपुटही होती. दोन्ही एकाच वेळी. माणसाच्या मनातही मिश्र पीक असतं.

मग मनात आलं, निदान आपल्या दोन एकरांच्या बांधावर चिंचा लावाव्यात. बियांपासून लावलेली चिंच धरायला आठ-दहा वर्षं सहज जातात, आणि पुढं शंभर वर्षं ती कुणाला विचारत नाही. माझं वय सहासष्ट. यापेक्षा निःस्वार्थ गुंतवणूक कोणती, असं म्हणून मी स्वतःवरच खूश झालो. चुलतभावानं तेही ऐकून घेतलं. "लावायच्या कुठं?" मी म्हटलं, "शेजाऱ्याच्या बांधाला, उत्तरेला." तो म्हणाला, "हिवाळ्यात सावली उत्तरेला पडती, दादा. समदी त्याच्या ज्वारीवर जाईल. पुण्य तुमचं आन ज्वारी त्याची बसायची. दक्षिणेच्या बांधाला लावा. सावली आपल्यात पडंल."

"अन् चिंचा?"

"तिकडनं शाळेची वाट हाय. चिंचा पोरं पाडत्याल."

साडूंनी परवा परताव्याचा दर विचारला. मी त्यांना सांगितलं की पाच खड्डे घेतलेत, दक्षिणेच्या बांधाला.