पहिला मुडदा कुणाचा?

एक कादंबरी वाचली. अगाथा ख्रिस्तीची ‘द एबीसी मर्डर्स’. १९३६ सालची. उशाला डिक्शनरी घेऊन, रात्रपाळीनंतरची झोप मोडून तीन दिवसांत संपवली. शेवटी खुनी घावला तेव्हा जाम खूश झालो. खात्यातल्या जोडीदाराला गोष्ट सांगायला बसलो. तो साचा पुसता पुसता ऐकत होता. मधेच म्हणाला, “पण पयली मेली ती बाई कोण रे?”

“होती एक म्हातारी. तंबाखूच्या दुकानातली.”

“नाव काय तिचं?”

मला आठवेना. तिसरा मेला त्याचं नाव मात्र पाठ होतं. सर कार्मायकल क्लार्क. बंगलेवाला, पैसेवाला. साला, मी कामगाराचा पोरगा, आणि माझ्या डोक्यातसुद्धा बंगलेवालाच शिल्लक राहिला. त्या विसरलेल्या नावापायी हे लिहितोय.

गोष्ट अशी. अँडोव्हर गावात दुकानवाल्या म्हातारीचा खून होतो. बेक्सहिलला हॉटेलात काम करणारी पोरगी मरते. मग चर्स्टनला सर क्लार्क. अ, ब, क. प्रत्येक मुडद्याजवळ रेल्वेचं एबीसी टाइमटेबल. गावाचं अक्षर तेच माणसाच्या नावाचं. सगळ्यांना वाटतं, कुणी माथेफिरू बाराखडी गिरवतोय. खरं काय निघतं? माथेफिरू कुणी नाहीच. क्लार्कच्या सख्ख्या भावाला इस्टेट पाहिजे होती. एकट्या क्लार्कला मारलं तर संशय थेट त्याच्यावर. म्हणून आधी दोन बाया मारल्या. एका मालदाराचा मुडदा लपवायला गरिबांचे मुडदे आडोशाला लावले.

मला प्रश्न पडला तो इथं. त्या भावाला म्हातारीचा राग नव्हता. लोभही नव्हता. ती त्याला माणूस म्हणून दिसलीच नाही, फक्त अक्षर म्हणून दिसली. राग धरायला तरी समोरचा माणूस आहे हे मानावं लागतं. म्हणजे द्वेषाहून वाईट काही असेल तर ते हे: माणसाचं अक्षर करणं. गावगाड्यात आपल्या आज्या-पणज्यांचं काय झालं होतं? नावाने कोण ओळखायचं? जात पुरायची.

आता मुंबईचं बघा. १९६८ साली रामन राघव पकडला गेला. त्याने मारलेली माणसं फुटपाथवर आणि उपनगरांतल्या झोपड्यांत झोपलेली होती. ज्यांच्या झोपेला कडी नव्हती ती. १९६९ साली त्याला फाशी सुनावली. पुढं डॉक्टरांनी मनोरुग्ण ठरवलं, १९८७ साली जन्मठेप झाली, १९९५ साली तो मेला. २०१६ साली त्याचं नाव लावून सिनेमासुद्धा आला. मारणारा नावासकट अमर झाला. मेलेल्यांपैकी एकाचं नाव सांगा. मला येत नाही. तुम्हाला येतं?

त्याच १९६८ सालची दुसरी गोष्ट. २५ डिसेंबरची रात्र. तमिळनाडूतलं कीळवेण्मणी. शेतमजुरांनी मजुरी वाढवून मागितली होती. ४४ दलित, बहुतेक बायका आणि पोरं, एका झोपडीत जिवंत जाळली गेली. १९७३ साली मद्रास हायकोर्टाने जमीनदारांना सोडून दिलं. मोटारी बाळगणारी श्रीमंत माणसं स्वतः पायी चालत जाऊन झोपड्या पेटवतील हे पटत नाही, असा कोर्टाचा सूर होता. यावर रहस्यकथा कशी लिहिणार? रहस्यच नाही. डिटेक्टिव्ह विचारतो, “खून कुणी केला?” आपल्याकडं ते सगळ्या गावाला ठाऊक असतं. आपला प्रश्न वेगळा आहे: ठाऊक असून काय केलंत?

मग ही पुस्तकं फेकून द्यायची का? नाही. एक गोष्ट मला त्या कादंबरीतून सोडवत नाही. पोलिसांच्या हाती कस्ट नावाचा माणूस लागतो. दारोदार मोजे विकणारा, फिट येणारा, लढाईत डोक्याला मार बसलेला. खुनी आपणच असू असं त्या बिचाऱ्यालाही वाटायला लागतं. सगळ्यांची सोय झालेली असते. फासावर लटकवा, फाईल बंद. पण प्वारो अडून बसतो. मला हे पटत नाही, म्हणतो. कवडीमोल माणसासाठी खरं शोधतो. हाच प्वारो सुरुवातीला म्हातारीच्या खोलीत जातो, तिच्या लग्नाचा फोटो बघतो, आणि तरुणपणी ही देखणी होती हे त्याला दिसतं. त्याला दिसलं. मी ते पान भराभरा उलटलं.

माझा गुन्हा तेवढाच, आणि तो लहान नाही. व्यवस्था आपल्याला अक्षर करते म्हणून आपण ओरडतो. बरोबरच आहे. पण वाचताना, पेपर चाळताना, रस्त्यात गर्दी बघून पुढं जाताना आपणही कुणाला अक्षर करतो का? न्याय कोर्टात मागायचाच. पण त्याची पहिली पायरी नाव विचारणं आहे, आणि ती चढायला वकील लागत नाही.

घरी आल्यावर पुस्तक पुन्हा उघडलं. नाव शोधलं. पेन्सिलने पहिल्या कोऱ्या पानावर लिहून ठेवलं: अ‍ॅलिस अ‍ॅशर.

दुसऱ्या दिवशी पाळीला जोडीदाराला सांगितलं. तो म्हणाला, “आता गोष्ट पहिल्यापासून सांग.”