माफी कोणी मागायची?

आपल्याकडे घरोघर एक जुनी रीत आहे. मुलाच्या चेंडूने शेजाऱ्यांच्या खिडकीची काच फुटली, म्हणजे आई मुलाचा हात धरून त्याला शेजारी घेऊन जाते. काचेचे पैसे वडील देतात. पण "काका, चुकलो" हे शब्द मुलालाच म्हणावे लागतात. शेजारी समंजस असले तर पैशांना नको म्हणतात आणि वर मुलाच्या हातावर वडी ठेवतात. या साध्या व्यवहारात नीतीची दोन तत्त्वे सामावलेली आहेत. नुकसान झाले ते भरून दिले पाहिजे, हे एक; आणि ज्याच्या हातून झाले त्याने ते आपल्या तोंडाने कबूल केले पाहिजे, हे दुसरे. पहिलीला आपण भरपाई म्हणतो, दुसरीला माफी. घरात या दोघी जुळ्या बहिणींसारख्या एकत्र नांदतात. परंतु काच फोडणारा मुलगा नसून एखादी कंपनी असेल, तर?

हा प्रश्न मी हवेतून काढलेला नाही. मागे एका मार्गशीर्षात, चंपाषष्ठीची गर्दी ओसरल्यावर, आम्ही आईला घेऊन जेजुरीला गेलो होतो. परतताना सासवडच्या अलीकडे एका पेट्रोलपंपाच्या कडेला आमची जुनी मोटार उभी होती. आई मागच्या बाजूला बसलेली. एक मालवाहू ट्रक मागे येत येत आमच्या डिकीवर आदळला. कोणाला लागले नाही. पण आईच्या हातातला भंडाऱ्याचा पुडा उडाला आणि ती, गाडी आणि आमची धाकटी अशा तिघी पिवळ्याधमक झाल्या.

ट्रकमधून पंचविशीचा एक मुलगा उडी मारून उतरला. आधी तो आईपाशी गेला. "आजी, लागलं का वो?" असे विचारून त्याने आपली पाण्याची बाटली तिच्यापुढे धरली. मग माझ्याकडे वळून हात जोडले. "मास्तर, चुकलं माझं. दोन रात्री झाल्या, डोळा नाही लागला." मी मास्तर आहे हे त्याने कशावरून ओळखले, देव जाणे! चष्म्यावरून ओळखले असेल. आईने पाणी घेतले, आणि "जा बाबा, आधी चार घास खा आणि नीज" असे म्हणून तिच्यापुरता खटला निकालात काढला.

माझ्यापुरता तो निकालात निघाला नव्हता. गॅरेजवाल्याने अडतीस हजारांचा आकडा सांगितला. गाडी जुनी, म्हणून मी फक्त सक्तीचा विमा उतरवलेला. त्यातून स्वतःच्या गाडीचे नुकसान मिळत नाही. ट्रकवर एका बड्या कंपनीचे नाव ठळक अक्षरांत रंगवलेले होते. पोलिसांत नोंद करून मी त्या कंपनीला पत्र लिहिले, आणि माझे नवे शिक्षण सुरू झाले.

कचेरीतल्या पहिल्या गृहस्थांनी मला दुसऱ्यांकडे पाठवले. दुसरे म्हणाले, ट्रक कंपनीचा नव्हे, ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणाला, गाडी माझी असली तरी फेरी कंपनीची. विमावाले म्हणाले, मालकाने कळवल्याशिवाय आम्हाला काही ठाऊक नाही. गंमत अशी की यांपैकी एकही मनुष्य उद्धट नव्हता. सगळे मला 'सर' म्हणत. सगळ्यांना वाईट वाटत होते. आणि सगळ्यांचे एकच म्हणणे होते, "सर, माझ्या हातात असतं तर..." देवळात प्रसाद वाटावा तसा तो अपराध वाटला गेला होता. प्रत्येकाच्या हातावर एकेक शेंगदाणा. पोट कोणाचेच भरलेले नाही!

दोन महिन्यांनी एक पत्र आले. कोणतीही जबाबदारी मान्य न करता, केवळ सद्भावनेपोटी, पंधरा हजार रुपये देण्याची तयारी त्यात होती. मी ते वाक्य तीनदा वाचले. व्याकरण बिनचूक होते. पण जबाबदारी नसेल तर पैसे कशाचे, आणि पैसे देता आहात तर जबाबदारी कोणाची? ज्याच्यापाशी माफी होती त्याच्यापाशी पैसे नव्हते. जिच्यापाशी पैसे होते तिला माफी मागायला तोंड नव्हते.

माझे एक वकील स्नेही आहेत. ते म्हणाले, "मास्तर, कंपनी ही कायद्याने निराळी व्यक्ती आहे." हे तत्त्व पक्के झाले ते १८९६ साली इंग्लंडात, सॉलोमन नावाच्या एका चर्मव्यावसायिकाच्या खटल्यात. त्याने स्वतःच्या धंद्याची कंपनी केली होती. जवळजवळ सगळे भाग त्याचेच. तरी कंपनी वेगळी आणि सॉलोमन वेगळा, असा निर्णय तिथल्या उमरावांच्या सभागृहाने दिला. तेव्हापासून ही अशरीरिणी व्यक्ती जगात सुखाने वावरते आहे. ती घर घेते, कर्ज काढते, फिर्याद लावते. फक्त तिला झोप लागत नाही, म्हणून झोप उडतही नाही.

इतके लिहून कंपनी नावाच्या वस्तूला चार शिव्या घालणे सोपे होते. परंतु ते न्यायाचे झाले नसते. १९५२ साली उदयपूरला सरकारी जीपच्या चालकाने रस्त्यावरच्या एका माणसाला धडक दिली आणि तो माणूस दगावला. त्याच्या विधवेने दावा लावला. आमच्यावर याची जबाबदारी नाही, असे राजस्थान सरकारचे म्हणणे होते. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. नोकराच्या निष्काळजीपणाबद्दल सरकारने एखाद्या खाजगी मालकाप्रमाणेच उत्तर दिले पाहिजे, असे ठरवून पंधरा हजारांची भरपाई कायम केली. आता त्या बाईला एकट्या चालकाकडून काय मिळाले असते? बिनशरीराच्या मालकाला कायद्याने व्यक्ती मानले, म्हणून तर त्या कुटुंबाच्या हाती काही पडले. सक्तीच्या विम्यामागेही हाच विचार आहे. मारणारा दरिद्री असला म्हणून मार खाणाऱ्याने उपाशी राहू नये.

आणि हा विचार परदेशातून आलेला आहे, असेही कोणी समजू नये. मनुस्मृती हा ग्रंथ त्यातल्या विषमतेपायी १९२७ साली महाडला जाळला गेला, आणि त्या दहनामागची वेदना खरी होती. त्याच ग्रंथाच्या आठव्या अध्यायात गाडीच्या अपघातांचा विचार आहे. वेसण तुटली, जू मोडले, आस तुटला, किंवा हाकणाऱ्याने 'बाजूला व्हा' म्हणून ओरडून सांगितले असेल, तर दंड नाही. हाकणारा कसबी असूनही त्याच्या हातून अपघात झाला, तर दंड हाकणाऱ्याला. पण हाकणाराच अडाणी असेल, तर दंड गाडीच्या मालकाला. बैलगाडीच्या काळातही माणसांना कळत होते की कासरा ज्याच्या हातात असतो त्याच्याच हातात सगळा दोष नसतो. कोणाच्या हाती कासरा द्यायचा, हे ठरवणाराही त्या गाडीत बसलेलाच असतो.

आमच्या त्या मुलाला गाडी उत्तम येत होती. त्याला झोप नव्हती. १९६१ साली आपल्या देशात मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला आणि त्याने कामाचे तास दिवसाला आठ व आठवड्याला अठ्ठेचाळीस असे ठरवून दिले. तेव्हा दोन रात्रींचे जागरण हा काही त्या मुलाचा छंद नव्हता. माल अमुक वेळेला अमुक ठिकाणी पोचला पाहिजे, असे कोणीतरी थंडगार खोलीत बसून एका तक्त्यात भरले होते. आमच्या डिकीवर आदळला तो ट्रक खरा. पण त्याला मागून ढकलणारा तो तक्ता होता.

हे सगळे मला पटले होते, तोच कचेरीतल्या त्या 'सर' म्हणणाऱ्या तरुणाचा फोन आला. तो आवाज खाली आणून म्हणाला, "सर, एक सांगू? तुम्ही जास्त ताणलंत तर ते त्या पोराच्या पगारातून जाईल. ठेकेदार कापून घेतो."

त्या रात्री मी जेवताना गप्प होतो. धमकी असती तर मी चिडलो असतो. पण ते खरे असण्याचा संभव होता. माझे अडतीस हजार म्हणजे त्या मुलाचे कित्येक महिन्यांचे जेवण. हक्क सोडून द्यावा, असे मनात येऊ लागले. क्षमा हे वीरांचे भूषण आहे, असे मुलांना शिकवणाऱ्याने निदान एवढे तरी करावे!

सौभाग्यवतींनी पोळी वाढता वाढता कारण काढून घेतले आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही पैसे सोडलेत, तर ते काय त्या पोराला बक्षीस देणार आहेत? कंपनीचेच वाचणार. आणि पुढच्या वेळी पुन्हा असंच कोणालातरी सांगतील."

आई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "अरे, त्या पोरानं माफी मागितली, मी केली. कंपनीनं कुठं मागितलीय? न मागितलेली माफी द्यायला तू कोण?"

मी पुष्कळ ग्रंथ वाचतो. पण या प्रश्नाचा असा नेमका उलगडा मला त्यांत सापडला नव्हता. क्षमा ही एका माणसाने दुसऱ्या माणसाला द्यायची वस्तू आहे. जिथे घेणारे मन आहे तिथेच ती पोचते. ज्याला पश्चात्ताप होऊच शकत नाही, त्याला क्षमा करणे म्हणजे बंद घराच्या दारावर नैवेद्य ठेवणे. तो घरातल्या माणसाला पोचत नाही, मुंग्यांना पोचतो. माणसाशी दयेने वागावे आणि कंपनीशी हिशेबाने, हा दुटप्पीपणा नव्हे. दोघांशी सारखेच वागलो, तर दयेचा फायदा तिजोरीला होतो आणि हिशेबाचा काच माणसाला.

मग कंपनीला माफी मागताच येत नाही काय? तिला येत नसेल, तिच्यातल्या माणसांना येते. १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपानमध्ये एक विमान डोंगरावर कोसळून ५२० माणसे मेली. त्या विमान कंपनीचे अध्यक्ष यासुमोतो ताकागी यांनी मृतांच्या नातलगांपुढे वाकून क्षमा मागितली आणि पद सोडले. त्यांनी स्वतः विमान चालवले नव्हते, की दुरुस्त केले नव्हते. त्या वाकण्याने मेलेले उठले नाहीत, आणि काही नातलगांचा राग तसूभरही कमी झाला नसेल. तरी रागवायला समोर एक चेहरा होता. याच्या उलट आपले भोपाळ. २ आणि ३ डिसेंबर १९८४ मधल्या रात्री वायू सुटला. १९८९ साली ४७ कोटी डॉलरांची तडजोड झाली. काही अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली ती २०१० साली. परदेशी अध्यक्ष तर भारतातल्या न्यायालयापुढे खटल्याला उभे न राहताच २०१४ साली वारले. ज्यांनी त्या रात्री माणसे गमावली त्यांना आकडा मिळाला. चेहरा मिळाला नाही.

आमची डिकी कुठे आणि भोपाळ कुठे! तुलना करण्याचे माझ्या मनात नाही. पण लहान गोष्टीत जी सवय लागते, तीच मोठ्या गोष्टीत उपयोगी पडते किंवा नडते. म्हणून मी तिसरे पत्र लिहिले, आणि त्यात तीनच वाक्ये घातली. चालकाविरुद्ध माझी वैयक्तिक तक्रार नाही. दुरुस्तीचा खर्च मालकाने अथवा त्याच्या विमा कंपनीने द्यावा; चालकाच्या वेतनातून दिलेला एक रुपयाही मला नको. आणि त्या दिवसाआधीच्या दोन रात्री तो चालक किती तास गाडीवर होता, ते मला लेखी कळवावे. तसे न झाल्यास अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणापुढे मी हाच प्रश्न विचारीन, असेही खाली जोडले.

पहिल्या दोन वाक्यांना उत्तर आले, तिसऱ्याला आले नाही. पाच महिन्यांनी बत्तीस हजार रुपये जमा झाले. पावतीवर 'पूर्ण व अंतिम' असे छापलेले होते. चालकाचा पगार कापला नाही ना, असे मी त्या तरुणाला फोनवर विचारले. "कागदावर तरी कापलेला नाही, सर," तो म्हणाला. मी तो कागद मागितला, आणि आठ दिवसांनी त्याने तो पाठवला. एवढे त्याने कोणाला विचारून केले नसावे.

फोन ठेवता ठेवता तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "सर, आजी बऱ्या आहेत ना?"

सात महिन्यांत त्या कचेरीतून आलेला तो पहिला प्रश्न होता, जो कुठल्या नमुन्यात छापलेला नव्हता. त्या प्रश्नाने कंपनीची जबाबदारी मान्य झाली नाही, की तिचा एक पैसा खर्च झाला नाही. पण मला तेव्हा कळले की मी इतके दिवस ज्या तोंडाचा शोध घेत होतो ते तिथेच होते. फक्त ते रजेवर होते.

वाचकहो, आज आपण बहुतेक सगळेच कोणत्या ना कोणत्या कंपनीचे तोंड आहोत. कोणी बँकेच्या खिडकीमागे बसतो, कोणी दवाखान्याच्या, कोणी शाळेच्या. आपल्यासमोर रोज कोणीतरी आपली फुटकी काच घेऊन उभा राहतो. भरपाई द्यायची की नाही, हे वरचे लोक ठरवतील. ते आपल्या हातात नसेलही. पण "तुम्हाला लागलं का?" एवढे विचारायला कोणत्या साहेबाची सही लागते? लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वह्यांवर हळदकुंकू वाहिले जाईल. त्या वह्यांत जमेची बाजू असते आणि नावेची असते. या प्रश्नाला त्यांत रकाना नाही. तो ज्याचा त्याने स्वतः आखून घ्यायचा असतो.